व्यायाम सोडणारा रुग्ण आळशीच असतो काय?



गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर रुग्ण घरी व्यायाम करत नाहीत, ही अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट या दोघांचीही जुनी तक्रार असून तिचे खापर बहुधा रुग्णाच्या आळसावर फोडले जाते. हे निदान सोयीचे असले तरी अपुरे आहे. कारण व्यायाम टिकतो की सुटतो, हे रुग्णाच्या स्वभावापेक्षा तो कसा सांगितला गेला आणि पुढे त्याची विचारपूस कोणी केली, यावर अधिक अवलंबून असते. दीर्घकालीन आजारांत सांगितलेले उपचार नीट पाळणाऱ्यांचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी ५० टक्केच असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात नोंदवले आणि रुग्णाला दोष नव्हे, आधार द्यावा, असेही बजावले. निम्मी माणसे जिथे मागे पडतात, तिथे दोष माणसांत शोधण्याआधी व्यवस्थेत शोधणे शहाणपणाचे.

शस्त्रक्रियेनंतर मांडीच्या पुढील भागातील, गुडघा सरळ करणारा क्वाड्रिसेप्स हा स्नायू केवळ वापराअभावी नव्हे, तर सूज आणि वेदना यांमुळे त्याच्याकडे जाणारे मज्जासंदेश मंदावल्यानेही दुबळा होतो. म्हणूनच घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच सेकंद धरायचा आणि सोडायचा, असा दिसायला अगदी किरकोळ व्यायाम दिला जातो. तो इतका किरकोळ दिसतो की त्याने काही साधेल यावर विश्वासच बसत नाही. ‘दिवसभर घरात चालतेच की’ हे गृहिणींचे उत्तर त्यातूनच येते. ओट्यापासून मोरीपर्यंतच्या चालण्यात गुडघा किंचित वाकलेलाच राहू शकतो आणि तो पूर्ण सरळ करण्याचे काम त्या स्नायूला करावेच लागत नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते.

सांगितले जाते ते कागदावर. डिस्चार्जच्या दिवशी बिल, एक्स-रे आणि गोळ्यांची चिठ्ठी यांच्यासोबत दहा-बारा आकृत्यांची, पुष्कळदा इंग्रजी मजकुराची, झेरॉक्स हाती पडते. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पासष्टीपुढील व्यक्तींपैकी दोनच व्यायाम मिळालेल्यांनी ते आठ व्यायाम मिळालेल्यांपेक्षा अधिक चांगले करून दाखवले, तर नेदरलँड्समधील १९९३ च्या पाहणीत व्यायाम सुटण्याशी दैनंदिन अडचणी, केलेल्या प्रयत्नांची पावती न मिळणे आणि असहायतेची भावना या तीन गोष्टी निगडित आढळल्या. यांतील एकही आळस नव्हे.

वेदनेचा प्रश्न याहून नाजूक आहे. व्यायामानंतर येणारा आणि काही वेळाने उतरणारा ठणका अपेक्षित असतो. मात्र पोटरी अचानक सुजणे, गरम होणे, दुखणे हे शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते व तेव्हा तातडीने डॉक्टर गाठावा लागतो. हा फरक ठाऊक नसलेले घर पहिल्या कण्हण्यालाच ‘राहू दे आजच्या दिवस’ म्हणते, आणि प्रेमापोटी मिळालेली ही सुटी पुढे लांबत जाते. त्यामुळे समजावण्याच्या वेळी घरातील एक माणूस समोर असणे, ही सौजन्याची बाब न राहता उपचाराचाच भाग ठरायला हवी.

राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा सांध्याच्या दराची भरपूर चर्चा झाली. त्या सांध्याला चालते करणाऱ्या पुढील आठवड्यांची तशी चर्चा होत नाही. रुग्णालयांनी सुरुवातीस दोन-तीनच व्यायाम मराठीत लिहून द्यावेत, ते रुग्णाकडून करवून घेऊनच त्याला घरी सोडावे, ‘दिवसातून तीनदा’ असे मोघम न लिहिता सकाळचा चहा, दुपारचे जेवण, संध्याकाळची मालिका अशा ठरलेल्या प्रसंगांना ते जोडावेत आणि पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एक दूरध्वनी करावा. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत एवढा वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप रास्त आहे. परंतु बारा आकृत्या घाईघाईने दाखवण्याऐवजी तीन नीट शिकवल्या, तर त्यातला काही वेळ तिथेच सुटतो, आणि राहिलेल्या वेळेचे मोल शस्त्रक्रियेच्या ठरावीक पॅकेजमध्ये धरण्यास रुग्णालयांची हरकत नसावी.

एक वाचक, सातारा