सुरक्षेचा खर्च नेमका कोणाच्या खात्यावर?

बंगळुरूच्या दक्षिणेस, नाचणीच्या शेतांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आनेकल तालुक्यात आज गगनचुंबी गृहसंकुले उभी राहत आहेत. १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोची पिवळी मार्गिका बोम्मसंद्रापर्यंत पोहोचल्यानंतर तेथील जमिनीला आणखी मागणी आली. या संकुलांच्या परांच्यांवर चढणारे मजूर बहुधा रायचूर, यादगीर, बिहार वा ओडिशातून आलेले असतात. त्यांच्या सुरक्षेचा विषय निघाला की एक ठरलेले उत्तर मिळते: ‘परवडत नाही.’ हे उत्तर तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

सहाव्या मजल्याची उंची १८ मीटर धरली, तर तेथून पडणारा माणूस दोन सेकंदांच्या आत, ताशी सुमारे ६८ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. एवढ्या अवधीत सावधगिरीला वाव नसतो. म्हणूनच ‘कामगार निष्काळजी होता’ हा निष्कर्ष भौतिकशास्त्रास मान्य होण्याजोगा नाही. दोन मीटर पडलेल्या माणसाला दोराने पाच सेंटिमीटरमध्ये रोखले, तर त्याच्या शरीरावरील सरासरी बल वजनाच्या ४१ पट होते. एक मीटरमध्ये रोखले, तर केवळ तिप्पट. येथे दैवाचा काही संबंध नाही. ताण येताच उसवत जाणारी, दुमडून शिवलेली एक पट्टी हा सारा फरक घडवते.

अशा साधनांची किंमत किती? १९३७ मध्ये पूर्ण झालेल्या गोल्डन गेट पुलाखाली सुमारे १ लाख ३० हजार डॉलरचे जाळे बांधले होते. पुलाचा खर्च सुमारे साडेतीन कोटी डॉलर होता. म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्या जाळ्याने १९ जणांचे प्राण वाचवले. फेब्रुवारी १९३७ मध्ये तुटलेल्या अवजड परांचीने ते फाटले आणि १० जण दगावले, हेही खरे. परंतु त्यातून जाळे निरुपयोगी ठरत नाही. परांचीही तितकीच भक्कम हवी, एवढेच ठरते.

मग ‘परवडत नाही’ म्हणजे काय? ऊर्जेचा हिशेब मांडताना संहतीची सीमा प्रथम ठरवावी लागते. सीमा सोयीस्कर आखली की ऊर्जा नाहीशी झाल्याचा भास होतो. ठेकेदाराची वही अशीच आखलेली असते. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी बंगळुरूच्या ईशान्येस बाबुसापाळ्य येथे बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ९ कामगार मृत्युमुखी पडले. अशा मृत्यूंचा खर्च संपत नाही. तो वहीबाहेर, दूरच्या गावातील विधवेच्या आणि शाळा सोडणाऱ्या मुलाच्या वाट्याला जातो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली २०२० पासून मासिक वेतन १५,००० रुपयांपर्यंतच हिशेबात धरले गेले. त्यानुसार तीस वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूची भरपाई १५,५९,८५० रुपये होते. ती मिळवण्यासाठीची पायपीट वेगळीच.

पैसा नाही, हेही खरे नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकामखर्चावर उपकर लावला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की जमा झालेल्या ३७,४०० कोटींहून अधिक रुपयांपैकी जेमतेम ९,५०० कोटी वापरले गेले होते.

दोष एकट्या ठेकेदाराचा नाही. निविदा सर्वांत कमी दरालाच मिळणार असेल, तर जाळे व कठडे गाळणारा जिंकतो आणि प्रामाणिक माणूस हरतो. हाँगकाँगने १९९६ पासून सार्वजनिक कामांत सुरक्षेची रक्कम स्पर्धेबाहेर काढली. तपासणीत काम दिसले तरच ती मिळते. आपल्याकडेही प्रत्येक निविदेत आणि प्रत्येक बांधकाम परवान्यात अशी राखीव रक्कम सक्तीची हवी. तोवर आनेकलच्या प्रत्येक सदनिकेची किंमत अपुरीच सांगितली जाईल. उरलेली रक्कम परांचीवरचा माणूस भरत राहील.