मळीचा वायू आणि चिमणीचा धूर

सोमवारी संध्याकाळी क्रांती चौकात सिग्नलला माझ्यापुढे सिलिंडरांचा टेम्पो उभा होता. आत सीओटू, वाळूजच्या वेल्डिंग शॉपसाठी. भोवती शेकडो गाड्या इंजिन सुरू ठेवून तोच वायू हवेत सोडत होत्या, आणि टेम्पोतला मात्र पैसे मोजून आणलेला होता.

परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीवर लिहिल्यापासून वाचक एकच विचारताहेत, हा धूर पकडून विकता येणार नाही का? येईल. पण कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम 12 ते 15 टक्के असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. तो वेगळा काढायला रसायन लागते आणि रसायनातून सोडवायला वाफ. ती वाफ विजेच्या वाट्यातूनच जाते. 4,760 मेगावॅटच्या विंध्याचल केंद्रात एनटीपीसीचा प्रकल्प रोज 20 टन पकडण्यासाठी आहे. एक मेगावॅट वीज दिवसभर केली की साधारण तेवढाच वायू निघतो.

आता डिस्टिलरीत चला. मळीच्या टाकीवर फेस उकळत असतो, जरा वाकलो तरी नाकात झिणझिण्या येतात. तो वायू जवळपास शुद्धच असतो. धुतला, वाळवला, दाबला की सिलिंडर तयार. वेगळे काढण्याचे काम यीस्टनेच केलेले असते. लिटरभर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो वायू निघतो. बिअरच्या धंद्यात तर आंबवतानाचा वायू साठवून बाटलीत भरणे ही जुनीच रीत आहे.

मराठवाड्यात ऊस नको, हे माझे मत आजही तेच आहे. पण टँकरच्या मुलखात एवढे पाणी पिऊन वाढलेल्या उसातला वायू तरी वाया का घालवायचा?

वेल्डिंगमधला आणि सोड्यातला वायू शेवटी हवेतच जातो, हे खरे. तरीही मळीचा वायू वापरला तर खास विकण्यासाठी इंधन जाळून वायू करावा लागत नाही. काँक्रीटमध्ये मुरवला तर तो दगड होऊन तिथेच राहतो. तुतिकोरिनच्या रसायन कारखान्याने 2016 मध्ये बॉयलरच्या धुरातून सोडा अ‍ॅश करायला घेतला. तिथे धुराला गिऱ्हाईक कुंपणाच्या आतच होते. परळीत ते कोण?

म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाला माझी विनंती आहे. यापुढे इथेनॉलच्या नव्या प्रकल्पाला संमती देताना वायू साठवण्याच्या यंत्रणेची अट घाला. परळीच्या चिमणीचे नंतर पाहू.