वटणारा चौकोन

परवा नातीचे शाळेचे पुस्तक चाळत होतो. धड्याच्या शेजारी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन होता. तिने त्यावर मोबाईल धरला आणि धड्याची चित्रफीत सुरू झाली. ‘आजोबा, हे सगळं या चौकोनात मावतं कसं?’ तिने विचारले. प्रश्न लाखमोलाचा होता.

चौकोनात चित्रफीत नसतेच. असतो तो तिचा पत्ता. जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी १९९४ साली हा क्यूआर कोड घडवला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी तो मुलांच्या पुस्तकांत आणला. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले, तेव्हा दहा लाख डॉलरांतली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांना वाटून दिली. तोवर, २०१७ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ या व्यासपीठामुळे, हे चौकोन अनेक राज्यांच्या पाठ्यपुस्तकांत पोचले होते.

बँकेत उमेद घालवलेल्या मला या चौकोनाकडे पाहून धनादेश आठवतो. धनादेश म्हणजे पैसा नव्हे. खात्यात शिल्लक असेल तरच तो वटतो. इथेही तसेच. चित्रफीत कुणी काढून टाकली किंवा तिचा पत्ता बदलला, की छापलेला चौकोन नुसती नक्षी होऊन बसतो. पुस्तक मात्र थोरल्याकडून धाकट्याकडे आणि तिथून शेजाऱ्याच्या घरी जातच राहते.

उपाय अवघड नाही. चौकोनात चित्रफितीचा थेट पत्ता न घालता प्रकाशकाने स्वतःच्या ताब्यातला मधला पत्ता छापावा. मग पुढचे ठिकाण बदलले, तरी छपाई तीच चालते. पण दर जूनला प्रत्येक चौकोन उघडून पाहण्याची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर हवी. खातेवहीचा ताळा कधी आपोआप जुळत नाही!

शिवाय २०२० च्या टाळेबंदीने एक गोष्ट शिकवली. अनेक घरांत मोबाईल एकच होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जात होता. अशा घरातले मूलही त्याच पुस्तकावर अभ्यास करते. म्हणून चौकोन जरूर असावा. पण तो झाकून वाचले, तरी धडा पुरता समजला पाहिजे.