तीन घरं, एक शाळा

एक लोखंडी चौकट आहे. दहा फूट लांब, वजन सुमारे २६० किलो. ती उचलायला सहा जवान लागतात, आणि सहाही जणांनी ती एकाच क्षणी उचलायला हवी. काहींनी 'दोन' म्हणताच उचलली आणि बाकीचे 'तीन'ची वाट बघत राहिले, तर कुणाच्या तरी पायाचा चेंदामेंदा ठरलेला!

ही चौकट म्हणजे बेली पुलाचा एक भाग. अशा चौकटी पिनांनी जोडून बघता बघता पूल उभा करायचा, शत्रूने पेरलेले सुरुंग काढून वाट मोकळी करायची, ही कामं लष्करातल्या इंजिनिअरांची. त्यांना म्हणतात सॅपर.

आपल्या सैन्यात सॅपरांची तीन घरं आहेत. मद्रास सॅपर्सचं बंगळुरूला, बंगाल सॅपर्सचं रुरकीला आणि बॉम्बे सॅपर्सचं आपल्या पुण्यातल्या खडकीला. प्रत्येकाला आपल्या घराचा भारी अभिमान! नवा जवान आजही पहिले धडे आपल्याच घरी गिरवतो.

मग पुढचं शिक्षणही तिथंच का नाही?

समजा, एका तुकडीने सुरुंग काढून वाटेवर खुणा केल्या. रात्री त्याच वाटेने दुसरी तुकडी निघाली. तिला त्या खुणा कळल्याच नाहीत तर? म्हणून खुणा, मोजमापं, हुकूम सगळ्यांचे एकच हवेत. त्यासाठी शाळाही एकच हवी.

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, रुरकीला अशी शाळा निघाली. १९४८ साली ती पुण्याला दापोडीत आली. तेच आजचं कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग. तिन्ही घरांचे सॅपर तिथे एकत्र शिकतात.

त्याच १९४८ च्या एप्रिलमध्ये बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे काश्मीरमध्ये होते. नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे ते गोळीबारातही दूर करत राहिले. त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेवर विश्वास ठेवून आपले रणगाडे पुढे सरकले. राणे यांना परमवीरचक्र मिळालं.

हा विश्वास कसा तयार होतो, बघायचंय? सहा जण मिळून वर्गातला बाक उचला. आकडे मात्र एकानेच मोजायचे, बरं का!