बोट चापाबाहेर



आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुली पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात. ‘पाणातिपाता वेरमणी म्हणणाऱ्या घरातली लेक, तिच्या हाती पिस्तूल कसं?’ असे एखादी आई विचारते. प्रश्न रास्त आहे. उत्तर लेकीच्या तर्जनीत आहे.

पहिल्या पेराचा मऊ मध्यभाग चापावर टेकवावा आणि सावकाश, सरळ मागे दाबावे. बाकीची बोटे, मनगट हलू नये. आवाजाच्या धास्तीने हिसका बसला, की उजव्या हाताने झाडलेली गोळी बहुधा खाली डावीकडे जाते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले. त्या खेळाचा पायाही हाच संयम.

मात्र नेम धरून गोळी झाडायचे पक्के ठरेपर्यंत बोट चापाभोवतीच्या कडीबाहेर, पिस्तुलाच्या अंगाला सरळ ठेवावे. ठेच लागली, कोणी दचकवले, तरी गोळी सुटत नाही.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. कडीबाहेरचे बोट तोच विचार करायला क्षणभर सवड देते. माउली, लेकीला एवढेच सांग : शस्त्र कमरेला असू दे, शील बोटात असू दे.