मार्जारप्रेमी वाचकांसाठीं

टेंभी नाक्यावरील वाचकांस ग्रंथांची वाण नाहीं. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालूं आहे. मग मार्जारप्रेमी घरानें काय वाचावें?

पंचतंत्रांतील दधिकर्ण बोका तपस्व्याचें सोंग घेऊन, न्याय मागावयास आलेल्या सशास व कपिंजल पक्ष्यास गट्ट करतो. उलट महाभारताच्या शांतिपर्वांत जाळ्यांत अडकलेला लोमश बोका व पलित उंदीर परस्परांचे प्राण वाचवितात. मात्र सावध उंदीर शेवटचा पाश पारधी दिसेपर्यंत तोडीत नाहीं. जपानी लेखक नात्सुमे सोसेकी यांची १९०५-०६ मधील कादंबरी इंग्रजी भाषांतरांत मिळते; तींत शिक्षकाच्या घरचें निनावी मांजर माणसांचींच ढोंगें निरखितें.

हें सारें वाचल्यावर ढोंगी कोण, हें मुलांनाच ठरवूं द्यावें. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून मनीला हाकलण्यापूर्वीं तेवढा न्याय तिला मिळावा.