दोन याद्या आणि एक इमारत

राणीच्या बागेत मुलांना घेऊन जाणारी बहुतेक कुटुंबे वाघ पाहतात, पेंग्विन पाहतात आणि घरी परततात. बागेला लागूनच असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात डोकावणारे त्या मानाने थोडे. मुंबईच्या जुन्या वास्तूंची ज्यांना काळजी वाटते, त्यांनी मात्र तेथे जरूर जावे आणि मग काळ्या घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनसमोरही जाऊन उभे राहावे. एकाच काळातल्या या दोन इमारती. एक सावरली, दुसरी खचली. असे का झाले?

संग्रहालयाची इमारत १८७२ साली खुली झाली. तिच्यासाठी पैसा उभा करण्यात डॉ. भाऊ दाजींचा मोठा वाटा होता. त्यांचे नाव मात्र तिला १९७५ साली मिळाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिची रया गेली होती. २००३ मध्ये महापालिका, इन्टॅक ही वारसा जतन करणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन एकत्र आले. मालक पालिका, जाणकारी संस्थेची, देणगीदाराची साथ. २००५ साली या कामाला युनेस्कोचा सन्मान मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले.

एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे एकेकाळचे वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकात तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणला आणि येथे जोडला. ७ जुलै १८९६ रोजी लुमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात प्रथम दाखवली गेली ती येथेच. पुढे हॉटेल बंद पडले, खोल्यांचे तुकडे पडून कचेऱ्या थाटल्या गेल्या. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळला. जगातील धोक्यात आलेल्या वास्तूंच्या २००६ च्या यादीत तिचे नाव झळकले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ती रिकामी करायला सांगितले. पाडावी की दुरुस्त करावी, हा वाद मग रंगला.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही इमारत काही दुर्लक्षित, अनोळखी नव्हती. मुंबईच्या वारसा यादीत तिचे नाव होते. १९९५ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीत ६७ वा नियम आला. जुन्या वास्तूंच्या तीन श्रेण्या ठरल्या, सल्ल्यासाठी वारसा समिती नेमली गेली. देशातल्या शहरांमध्ये असा नियम करण्याचा पहिला मान मुंबईचा, आणि तो रास्तच आहे. या नियमाने कितीतरी इमारतींवरचा घण थांबवला. पण नियम घण थांबवू शकतो, गळती थांबवू शकत नाही. ‘पाडू नका’ असे सांगणे त्याला जमते. ‘दुरुस्त करा, हे घ्या पैसे’ असे म्हणणे जमत नाही.

आणि पैसा आणायचा कोठून? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. भाडेकरूला त्याने छप्पर दिले, हे विसरून चालणार नाही. पण जमणाऱ्या भाड्यात जिन्याची एक पायरीही बदलता येईना, तेव्हा मालकाने हात वर केले. दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ आले, पण टेकू लावणे वेगळे आणि जुन्या पद्धतीने चुना, सागवान वापरून दुरुस्ती करणे वेगळे. अशा घरात राहणाऱ्याला ‘तुमचे घर वारसा आहे’ असे सांगितले, तर त्याला आनंदाऐवजी धास्तीच वाटते. पुनर्विकास अडणार, स्वतःच्या संडासाचे स्वप्न लांबणार. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. त्याच्या जागी चार पावसाळे काढणे सोपे नाही.

मुंबईत दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणखी एक यादी निघते, अतिधोकादायक इमारतींची. पहिल्या यादीतली इमारत दुरुस्तीविना राहिली की ती घसरत दुसऱ्या यादीत जाते, आणि तेथे पोचल्यावर पाडकामाला हरकत घेणे अवघड होऊन बसते. माणसांच्या जिवापुढे कमानीची नक्षी मोठी नव्हे, हे खरेच. म्हणूनच काही मालकांना इमारत आपोआप पडलेलीच बरी वाटते. जतनाची खरी लढाई या दोन याद्यांच्या मध्ये आहे.

ती जिंकायची तर यादी लांबवून भागणार नाही. यादीतल्या प्रत्येक इमारतीची ठरावीक काळाने तपासणी व्हावी. बांधकामाचे हक्क अन्यत्र विकण्याची सवलत मालकाला मिळते, तिचा पैसा आधी त्याच इमारतीच्या छपराला लागावा. भाडेकरूला न्हाणीघर, संडास, मजबूत जिना मिळावा. हे मिळाले तर वारशाचा पहिला राखणदार तोच होईल.

जुन्या भिंतीच्या फटीत पिंपळाचे रोप उगवते. बोटभर असते तेव्हा घरातले पोरही ते उपटून टाकील. दहा वर्षांनी त्याच मुळ्या भिंत फाडतात आणि मग समित्या बसतात, अहवाल येतात. आज रविवार आहे. आपल्या वाड्याच्या, चाळीच्या, सोसायटीच्या गच्चीवर एकदा चढून पाहा. रोप अजून बोटभरच असेल.